पंचफुलाला रडू येईना

शिरड शहापूरच्या शिवारात हळदीच्या काढणीला बायका लावायच्या म्हटलं की लोक पंचफुलाच्या दारात यायचे. तिच्या टोळीत पंधरा-वीस बायका असत. सकाळी बुद्धविहारापाशी उभी राहून तिनं "चला गं!" अशी हाळी दिली की गावाच्या दुसऱ्या टोकाची बाई हातातलं काम टाकून निघायची. वावरात तिचं बोलणं सुरू झालं की थांबायचं नाही. मालकाची नक्कल ती मालकाच्या तोंडावर करायची, आणि मालकालाही हसू यायचं.

तिच्या शेजारच्या सरीवर कायम जमनाबाई असे. जमना म्हणजे तिची धाकटी जाऊ. पंचफुलाचा नवरा रामजी आणि जमनाचा नवरा रविंद्र हे सख्खे भाऊ, एक घर, एक चूल. जमनाचं माहेर सेनगावाकडचं गोरेगाव, त्यामुळं तिच्या बोलण्यात वऱ्हाडी हेल होता. ती बोलायचीच कमी, पण जे बोलायची ते नेमकं बोलायची.

पुरुषांचं आणि लेकरांचं जेवण उरकलं की दोघी जावा एका ताटात बसत. लग्न होऊन जमना घरात आली तेव्हापासूनची ही सवय. पंचफुला गप्पांत रमायची, भाकरीचा तुकडा हातातच राहायचा. मग जमना डाळीची वाटी तिच्याकडं सरकवायची. "आक्का, तोंड बोलाले हाय का खाले?" कधी एखादं अंडं तव्यावर मोडून, कुणाला न दाखवता, ते आक्काच्या बाजूला ठेवायची. दोघी जावा भांडत कशा नाहीत याचं गल्लीतल्या बायकांना नवल वाटे.

भादव्यात जमनाला ताप आला. डोळे पिवळे झाले. वसमतला दाखवलं, तिथून नांदेडला नेलं. रविंद्र औषधांसाठी पळत होता, पंचफुला खाटेपाशी बसून होती. आठवडाही झाला नाही आणि जमनाला गाडीत घालून परत आणावं लागलं.

सगळं घर रडलं. पंचफुलाला रडू आलं नाही. आल्या-गेल्याचं पाणी, जमनाच्या पोराचं जेवण, पुण्यानुमोदनाच्या विधीला जमलेल्या लोकांचा स्वयंपाक, सगळं तिनं केलं. बायका म्हणाल्या, "बाई खंबीर हाय." महिनाभरानं रविंद्र पोराला घेऊन पुण्याला कंपनीत कामाला गेला. घरात रामजी, पंचफुला आणि कॉलेजात जाणारी त्यांची पोरगी ज्योती, एवढेच उरले.

त्यानंतर पंचफुला हळूहळू गप्प होत गेली. आधी सकाळची हाळी बंद झाली, बायकांना ती घरोघरी जाऊन सांगू लागली. मग तेही दुसऱ्या बाईवर सोपवलं. रात्री डोळा लागेना. वावरात ती मध्येच थांबून बांधाच्या धुऱ्यावर बसायची आणि आपण काहून बसलो हे तिला सांगता यायचं नाही. रामजीनं काही विचारलं तर अंगावर धावून जायची, आणि लगेच काय बोललो तेही विसरायची. डोक्यात कुणी ओला कापूस दाबून भरल्यासारखं वाटायचं. दुःख असं काही वाटतच नव्हतं. जमनाचं नाव निघालं तरी आत काही हलत नव्हतं, आणि याचीच तिला भीती वाटायची.

ताटावर बसणं तर तिनं सोडूनच दिलं होतं. रामजी आणि ज्योती जेवले की ती डाळ-भाजी झाकून ठेवायची, चुलीपाशी उभ्याउभ्या ज्वारीची चतकोर भाकर ठेच्याला लावून खायची आणि भांडी घासायला घ्यायची. वावरात न्याहारीला बायका गोल करून बसल्या की म्हणायची, घरून खाऊन आले. कुणाला शंका आली नाही. घरातली बाई काय खाते हे बघायची रीतच नव्हती.

थंडीत तिचं पोट बिघडलं. जुलाब थांबेनात. जीभ लालभडक होऊन सोलून निघाली. शेजारणीनं मायेनं सांगितलं, "डाळ, दूध, अंडं, मटन समदं बंद कर. जड असतंय. नुसत्या ज्वारीच्या कण्या खा." पंचफुलानं ऐकलं. काही ठरवण्यापेक्षा कुणी सांगितलेलं ऐकणं सोपं होतं. त्यानंतर महिनोन्‌महिने तिच्या पोटात ज्वारीशिवाय फारसं काही गेलं नाही.

तिला काय झालंय याचं कारण मात्र गावात सगळ्यांपाशी होतं. कुणी म्हणे जाऊ गेली, जीव लावलेली होती. कुणी म्हणे दीर पोरगं घेऊन गेला, घर रिकामं झालं. कुणी म्हणे बाईचं वयच तसं आहे. यातलं खोटं काहीच नव्हतं, म्हणून पुढं कुणी काही विचारलं नाही. दुःख आहे, ओसरेल, असं म्हणून रामजीही गप्प बसला.

फाल्गुनात हळदीची काढणी लागली. उन्हात काम करता करता पंचफुलाच्या हातांच्या पाठी भाजल्यासारख्या लाल झाल्या, मग काळ्या पडल्या. कातडी जाड होऊन तिला भेगा गेल्या. दोन्ही हातांवर मनगटाच्या वरपर्यंत, पायांवर, आणि गळ्याभोवती तर कुणी काळी सरी घातल्यासारखा पट्टा उमटला. बायकांनी ते पाहिलं. तिच्यासमोर कुणी बोललं नाही, पण तिच्या कळशीतलं पाणी प्यायचं त्यांनी सोडलं. 'महारोग' हा शब्द हळू आवाजात गावभर फिरला. एका मालकानं निरोप धाडला, "बाईला म्हणावं, काही दिवस घरीच राहा."

एक म्हातारी रामजीला गाठून म्हणाली, "भानामती हाय ही. औंढ्याकडं एक भगत हाय, बघून घे."

रामजी चिडला. "आमच्या घरात भगत येणार न्हाई, आजी. माझ्या बापानं ते दार बंद केलेलं हाय." भगताचं दार बंद होतं, पण दुसरं कोणतं दार ठोठावायचं हे रामजीला कळत नव्हतं.

एक दिवस दुपार कलताना ज्योती आईचे केस विंचरत होती. केसांत हात फिरत असताना पंचफुला अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ज्योते, मी एखाद्या सकाळी उठलेच न्हाई, तर तुमी दोघं टायमावर जेवत जा."

ज्योतीचा हात थांबला. "असं काहून बोलून राहिली, माय?"

"काही न्हाई. बरं होईल, असं वाटतं."

ज्योतीनं फणी खाली ठेवली आणि तशीच निलमताईकडं गेली. निलमताई गावातली आशा कार्यकर्ती. दुसऱ्या सकाळी ती आली, पंचफुलाला डोळे मिटायला सांगितले आणि पेनाचं टोक तिच्या हातांवर, पायांवर, डागांवर हलकेच टेकवत विचारत गेली, "आता कुठं लागलं?" पंचफुलानं प्रत्येक जागी अचूक बोट ठेवलं.

"समदं कळून राहिलंय तुमाला," निलमताई म्हणाली. "महारोगाचे डाग बधिर असतात. मला तरी हा महारोग वाटत न्हाई. पण मग काय हाय, ते माझ्या आवाक्यातलं न्हाई. आणि ज्योती जे सांगून राहिली, ते तर डागांपेक्षा वाईट. उद्याच हिंगोलीला चला. मी संगं येते."

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात पंचफुला, रामजी, ज्योती आणि निलमताईला डॉक्टर अफसाना भेटल्या. चाळिशीच्या, बोलण्यात हिंदी मिसळलेलं, पण घाई नाही. त्यांनी दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले, पदर सरकवून गळ्याभोवतीचा पट्टा पाहिला, जीभ पाहिली. मग विचारलं, "खाण्यात काय असतं?"

"समदं खाते," रामजी म्हणाला. "घरात डाळ हाय, भाजी हाय, कोंबड्या हायत. कशाचीच कमी न्हाई."

"भाऊ, मी त्यांना विचारलं."

पंचफुला खाली बघत राहिली. मग म्हणाली, "भाकर."

"कशासोबत?"

"ठेचा. न्हाई तर कण्या."

"डाळ?"

"न्हाई."

"कधीपासून?"

"जमना गेल्यापासून."

रामजीला ते खरंच वाटेना. "अगं, पण फोडणी तर रोज घालतीस तू."

"तुमच्यासाठी घालते," पंचफुला म्हणाली.

वीस वर्षांहून जास्त संसार झाला होता आणि बायको काय जेवते हे रामजीला एका परक्या बाईच्या टेबलासमोर कळत होतं. जमनाला ते माहीत होतं. घरात ते माहीत असणारी तेवढी एकच होती.

डॉक्टरांनी सांगितलं, "या आजाराला पेलाग्रा म्हणतात. आता फार दिसत नाही, पण डाग बघा, दोन्ही बाजूंना सारखे आहेत आणि ऊन लागतं तिथंच आहेत. पोट, कातडी आणि मन, तिन्हीला एकदम तकलीफ." ज्योतीकडं वळून त्या पुढं म्हणाल्या, "आपण डाळ, दूध, अंडं खाल्लं की पोटात त्याचे बारीक घटक होतात, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. त्यातलं एक ट्रिप्टोफॅन. शरीर त्याच्यातून नायसिन नावाचं जीवनसत्त्व बनवतं, ते कातडीला, आतड्याला, मेंदूला लागतं. त्याच्यातूनच मेंदू सेरोटोनिन बनवतो. झोप, मनाचा थारा, यांच्याशी त्याचा संबंध आहे. तुमच्याकडं कालव्याचं पाणी येतं ना? समजा एकाच चारीवर दोन वावरं आहेत आणि चारीला पाणीच बोटभर आलं. मग काय होईल?"

"दोन्ही वाळतील," पंचफुलाच बोलली. त्या दिवशी तिनं आपणहून उच्चारलेले हे पहिले शब्द.

"बराबर. आणि ज्वारीत आणखी एक अमिनो आम्ल जास्त असतं, ल्युसीन. नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या माणसात ते या कामात अडथळा आणतं, असं हैदराबादच्या संशोधकांनी फार पूर्वी मांडलं होतं. त्यावर अजून वाद आहे. ज्वारी वाईट नाही, मीही खाते. पण नुसती ज्वारी, महिनोन्‌महिने, म्हणजे ही हालत."

पंचफुलानं मान वर केली. "म्हंजे, जमना मेली आणि मला काहीच वाटलं न्हाई, ते डाळ खाल्ली न्हाई म्हणून?"

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "तसं मी म्हणणार नाही. तुमचं माणूस गेलं म्हणून तुमचं जेवण तुटलं. जेवण तुटलं म्हणून मन आणखी खाली गेलं. त्यातलं दुःख किती आणि आजार किती, हे वेगळं करून सांगायला माझ्याकडं काही मशीन नाही. कुणाकडंच नाही." निलमताईनं सांगितलं होतं ते त्यांनी हळू आवाजात विचारलं, "सकाळी उठूच नये, असं अजून वाटतं?"

"व्हय."

"मग मी एकटी पुरणार नाही. आमचे मनाचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं मी स्वतः घेऊन जाते. आणि काही दिवस इथंच राहायचं, या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आजच चालू करते." रामजीला त्यांनी बजावलं, "भाऊ, उदास माणसाला अंडी चारली की तो बरा होतो, असं गावात जाऊन सांगू नका. यांचा आजार असा निघाला. सगळ्यांचा असा नसतो."

दवाखान्यातून घरी आल्यावर रामजीनं गावाला सांगितलं ते एवढंच, की महारोग नव्हता, जीवनसत्त्व कमी होतं. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता आणि गावाच्याही. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "आमी समजून राहिलो व्हतो जावंसाठी झुरतीय, आणि निघालं काय, तर जीवनसत्त्व!" सगळे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण पंचफुला किराणा घेऊन तिथूनच चालली होती. तिनं ते ऐकलं आणि घरी येऊन पिशवी न उघडता तशीच बसून राहिली. ती जावेसाठी झुरतेय असं लोक म्हणायचे, जमना गेल्याचं तिच्यापाशी तेवढंच एक उरलं होतं, तेही लोकांनी दवाखान्याच्या कागदात गुंडाळून नेलं, असं तिला वाटलं.

घरी रामजी तिच्या जेवणाच्या वेळी समोर येऊन बसू लागला. पहिले दिवस अवघड गेले.

"काय बघून राहिले?" ती विचारायची.

"डॉक्टरीणबाईनं बघायला सांगितलं."

तो स्वतः अंडी उकडायचा. कधी ती आत कच्ची राहायची, कधी फुटून पाण्यात पसरायची. जीभ सोललेली असल्यानं तिला घास गिळवत नसे, तरी तो उठायचा नाही. तो भिंतीकडं बघायचा आणि ती जेवायची.

आधी जुलाब थांबले. मग जिभेची आग गेली, मिठाची चव लागू लागली. झोप तुकड्या-तुकड्यानं परत आली. हातावरची काळी कातडी सुटून खाली गुलाबी, पातळ कातडी दिसू लागली. बायका पुन्हा येऊन बसू लागल्या. तिच्या हातचा चहा पिताना थोड्या संकोचायच्या, पण प्यायच्या. सगळ्यांना वाटलं, झालं, निभावलं.

आषाढ अर्धा सरला असेल. पंचफुला गिरणीवर दळण घेऊन गेली होती. तिथं कुणाकडं पाहुणी आलेली एक अनोळखी बाई होती. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात, जमनासारख्याच वऱ्हाडी हेलात, ती पंचफुलाला म्हणाली, "आक्का, तुमचं पीठ झालं. घ्याले या."

पंचफुला पुढं झाली, डब्याला हात लावला. ती तिथंच पिठाच्या पांढऱ्या धुरळ्यात बसली आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की गिरणीवाल्यानं चक्की बंद केली. तिला काय होतंय ते कुणाला कळेना. ती बाई तर घाबरून गेली, आपल्या हातून काय चुकलं म्हणून विचारू लागली. निरोप मिळून धावत आलेल्या ज्योतीनं आईला हाताला धरून घरी आणलं. वाटभर ती रडत होती. संध्याकाळी रडत होती. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना, केर काढताना, जेवताना, तोंडातला घास तसाच ठेवून रडत होती.

रामजीची घाबरगुंडी उडाली. त्यानं हिंगोलीला जायची पिशवी भरली आणि निलमताईला बोलावलं. "पुन्हा सुरू झालं, ताई. गोळ्या चालू हायत, जेवून राहिलीय, तरी काहून रडून राहिली?"

निलमताई पंचफुलाजवळ बसली. "झोप येती का, काकू?"

पंचफुलानं होकाराची मान हलवली.

"उठूच नये, असं वाटतं का अजून?"

"न्हाई." मग पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "जमना पायजे, असं वाटतं."

निलमताईनं तिथूनच हिंगोलीला फोन लावला, डॉक्टरांशी बोलली आणि रामजीला म्हणाली, "दादा, पिशवी ठेवा खाली. गोळ्या चालू ठेवायच्या, ठरल्या तारखेला जायचं. पण आता रडू द्या."

रामजीला ते पटलं असं नाही, पण त्यानं पिशवी खाली ठेवली.

ते दिवस पंचफुलाला आजारापेक्षा कठीण गेले. आजारात निदान मनात काही दुखत नव्हतं. आता सकाळी डोळा उघडला की आधी जमना नाही हे आठवायचं आणि मग उजाडायचं. "बरं व्हायचं म्हंजे हे असं असतंय, हे मला कुणी सांगितलं न्हाई," ती एकदा ज्योतीला म्हणाली. हळदीच्या लावणीला टोळी दुसऱ्याच बाईनं नेली. पंचफुला काही दिवस साधी मजूर म्हणून गेली, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, डोक्याला फडकं गुंडाळून. ऊन लागलं की हात अजून चुरचुरायचे. थोडं बोलायची. मालकाची नक्कल करायला कुणी सुचवलं, तेव्हा "जमत न्हाई आता" म्हणाली.

श्रावणात तिनं रामजीला सांगितलं, "मला गोरेगावला जायचंय."

जमनाची आई लक्ष्मीबाई गोरेगावात होती. जमना गेल्यानंतर पंचफुला एकदाही तिकडं फिरकली नव्हती. हिंगोलीहून सेनगाव आणि सेनगावहून जीपनं दोघं गोरेगावला उतरले. बाजारपेठेच्या मागं घर होतं. लक्ष्मीबाई ओसरीवर लसूण सोलत होती. तिनं दोघांना ओळखलं, बसा म्हटलं नाही.

"वरीस होत आलं," ती म्हणाली. "तुही जाऊ होती ना ते? बहिणीवानी होती म्हणत होता तुम्ही. आम्ही मेलो का जितो, हे इचाराले एक फोन नाही आला तुहा."

रामजी पुढं सरसावला. "मावशी, तिला आजार झाला व्हता. ते जीवनसत्त्व..."

"ऱ्हाऊ द्या," पंचफुलानं त्याला थांबवलं. ती खाली जमिनीवर बसली. "मला येता आलं न्हाई, मावशी. तुमी बोला, काय बोलायचं ते."

लक्ष्मीबाई बोलली. बराच वेळ बोलली, आणि त्यात पंचफुलाला लागेल असंही पुष्कळ होतं. पंचफुला ऐकत राहिली, डोळे गळत राहिले. शेवटी म्हातारी थकली. लसूण ठेवलेलं सुपडं तिनं बाजूला सारलं आणि वेगळ्याच आवाजात विचारलं, "नांदेडले तूच होती ना तिच्यापाशी? जावयानं तर काही सांगितलंच नाही. पुरुषाची जात. काय बोलली वो माही पोरगी शेवटी?"

हे आजवर पंचफुलाला कुणी विचारलं नव्हतं. तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं.

"फार न्हाई बोलली," ती म्हणाली. "लाईट डोळ्याले लागते म्हणली. मग मी पदर धरला मधी. मग म्हणली, पोराच्या शाळेच्या चड्डीचं बटन तुटलंय. मग झोपली. मधी एकदा तुमचं नाव घेतलं. मला वाटलं पाणी मागून राहिली, मी पाणी दिलं. प्यायली न्हाई. तवा कळलं, 'माय' म्हणून राहिली व्हती."

लक्ष्मीबाईनं डोळे मिटले. मग तिनं हात पुढं करून पंचफुलाचं मनगट धरलं, नव्या पातळ कातडीवर घट्ट.

"पुन्यांदा सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून. गाडीत कशी बसली, तिथून सांग."

पंचफुलानं नाक पुसलं आणि वसमतच्या दवाखान्यापासून सांगायला सुरुवात केली. रामजी उठून रस्त्यावर आला आणि परतीच्या जीपवाल्याला म्हणाला, आमची वाट पाहू नको.